‘दऱ्या’ आणि ‘दर्या’: दोष संगणकाचा नव्हे

१/ पावसच्या पश्चिमेस दर्या आहे, पूर्वेस सह्याद्रीच्या दऱ्या. समुद्र आणि डोंगर यांतील भेद लिपीत एका अर्ध्या ‘र’ने राखला आहे. तरीही ‘सह्याद्रीच्या दर्या’ असे सर्रास टंकले जाते. सबब एकच: ‘संगणकावर ते अक्षर नाही.’

२/ ही सबब खोटी आहे. १९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय मानकात नुक्त्याचा ‘ऱ’ आहे. युनिकोडमध्येही आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘र’चीच कळ (इंग्रजी ‘जे’) शिफ्टसह दाबा, मग हलन्त, मग ‘य’. ‘ऱ्य’ सिद्ध!

३/ उणीव खरी होती ती ‘ॲ’ची. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. ‘ऱ’बाबत तसे म्हणता येत नाही.

४/ हा शुद्धलेखनाचा हट्ट नव्हे, साधनांचा प्रश्न आहे. उद्याचा अभ्यासक ‘शेतकऱ्यांचे अर्ज’ शोधील. ‘शेतकर्यांचे अर्ज’ म्हणून टंकलेला कागद त्याला सापडेलच असे नाही. दप्तर जपूनही कागद हरवलेला!

५/ मोडीची वळणे हौसेने गिरवणाऱ्या आपल्या पिढीला एक कळ जड व्हावी?