आपत्तीची नोंद ठेवणारा माणूस

आपत्कालीन सेवेत आकडेवारीचे काम करणाऱ्यास पुढे जाण्याची वाट कोणती, हा प्रश्न वरकरणी एका लहानशा नोकरदार वर्गाचा वाटेल. वस्तुतः रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात तो दरडीखालच्या आणि धरणाखालच्या प्रत्येक वाडीच्या जीविताचा प्रश्न आहे.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि भेंदवाडीतील वीसहून अधिक माणसे प्राणांस मुकली. धरणास गळती असल्याची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती. म्हणजे माहिती होती. तिचे गांभीर्य ओळखून ती अखेरपर्यंत लावून धरणारी व्यवस्था नव्हती. पुढे तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी धरणफुटीचा दोष खेकड्यांच्या माथी मारला. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर बुडाले, तेव्हा वीज गेली आणि दूरध्वनीही बंद पडले. अशा प्रसंगी यंत्राच्या पडद्यावरील नकाशा पुरत नाही. कोणती वाडी सखल, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेला म्हातारा, होडी कोणाकडे, हे जाणणारा माणूस कक्षात बसलेला असावा लागतो.

असा माणूस घडविण्याची सोय आजच्या रचनेत आहे काय? २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण निर्माण केले. परंतु जिल्हाधिकारी बदलून जातात आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकाऱ्याचे पद अनेक जिल्ह्यांत कंत्राटावरच भरले गेले. २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झालेली १०८ क्रमांकाची सेवा शासनाने खाजगी कंपनीकडे सोपविली. तिचा नियंत्रण कक्ष पुण्यात.

या व्यवस्थेत माहितीच्या कामाच्या दोन वाटा दिसतात. एक वरची. पदवी घ्यावी, सॉफ्टवेअर कंपनीत वा सल्लागार संस्थेत उमेदवारी करावी आणि ‘चीफ डेटा ऑफिसर’ म्हणून वातानुकूलित दालनात बसावे. दुसरी खालची. डेटा एन्ट्रीची कंत्राटी नोकरी, मुदतीच्या अखेरीस पुन्हा अर्ज, ना सेवाज्येष्ठता ना पदोन्नती. या दोन वाटा कोठेही एकमेकींस मिळत नाहीत. वरच्यास वाडीचे नाव ठाऊक नसते. खालच्यास ते ठाऊक असून निर्णयाचा अधिकार नसतो. कंत्राट संपले की त्याच्यासोबत त्याचे ज्ञानही निघून जाते.

खाजगी कंपन्यांमुळे कार्यक्षमता आली, असे सांगितले जाते. १०८ ने असंख्य रुग्णांना वेळेवर रुग्णालयात पोहोचविले, हे मान्य करावयास हवे. तथापि त्या गाड्यांवरील चालक, डॉक्टर आणि फोन घेणारे कर्मचारी यांच्या श्रमांचे ते श्रेय आहे, कंत्राट पद्धतीचे नव्हे. कंत्राटीकरण अटळ आहे, हेही खरे नाही. नऊ खाजगी संस्थांमार्फत सरकारी पदे भरण्याचा सप्टेंबर २०२३ चा निर्णय तरुणांच्या असंतोषापुढे शासनास पुढच्याच महिन्यात मागे घ्यावा लागला.

म्हणून आपली मागणी नेमकी असली पाहिजे. जिल्हा नियंत्रण कक्षांसाठी कायम संवर्ग हवा. त्यात नोंद करणाऱ्या लिपिकास प्रशिक्षण आणि अनुभवाच्या बळावर राज्याच्या माहितीप्रमुखपदापर्यंत चढता आले पाहिजे. सेवेतून जमणारी सर्व माहिती कंपनीच्या नव्हे, जनतेच्या मालकीची असावी. आणि पावसाळ्यापूर्वी प्रत्येक ग्रामसभेत धरणे व दरडींविषयीच्या तक्रारींची यादी, त्यांवर झालेल्या कारवाईसह, वाचून दाखविली जावी.

यांपैकी शेवटच्या कामासाठी शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. कार्यकर्त्यांनी आपापल्या गावची यादी येत्या ग्रामसभेत स्वतःच मांडावी आणि तिची पोच लेखी घ्यावी.