रोजचा हयातीचा दाखला

म्हाताऱ्या माणसांविषयी बोलताना मराठीत 'बघणे' हे क्रियापद फार वापरले जाते. 'आईला कोण बघतं?' या प्रश्नात खाणेपिणे, औषधपाणी, पैसाअडका, सोबत असे सगळेच येते. घरात माणसांचा राबता होता तेव्हा हा प्रश्न वेगळा विचारावा लागत नसे. आजोबा रात्री खोकले की कोणीतरी उठून पाणी देई. आज आईवडील एका गावात, मुलगा दुसऱ्या शहरात आणि मुलगी तिसऱ्याच देशात, असे चित्र पुण्याच्या पेठांपासून मिरज-चिपळूणपर्यंत सर्रास दिसते. बघायचे तर आहेच, पण ते दुरून.

२०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. देशात शंभरामागे साडेआठ, तर महाराष्ट्रात जवळजवळ दहा. पुढे २०१७-१८ मध्ये वृद्धांच्या परिस्थितीची देशभर मोठी पाहणी झाली. तिच्यात असे आढळले की साठीपुढच्यांपैकी सुमारे सहा टक्के लोक एकटे राहतात आणि सुमारे वीस टक्के लोक फक्त जोडीदाराबरोबर राहतात. म्हणजे ढोबळमानाने चारातला एक.

ही सगळी माणसे मुलांनी टाकलेली आहेत असे समजण्याचे कारण नाही. माझे वडील ९१ वर्षांचे आहेत, आई ८६ वर्षांची. दोघे गावी स्वतःच्या घरात राहतात. मी पुण्याला या म्हणतो आणि ते नाही म्हणतात. तिथे त्यांचा परसातला कढीपत्ता आहे, ओळखीचा डॉक्टर आहे, दुपारी चार वाजता गप्पांना येणारी दोन माणसे आहेत. पुण्यात आमचा सातवा मजला आहे. नव्वदीच्या माणसाला सातव्या मजल्यावर आणून बसवणे याला आपण सेवा म्हणतो. त्याच्या दृष्टीने ती बदली असते, आणि तीही न मागितलेली. तेव्हा स्वतंत्र राहण्याची इच्छा हा हट्ट मानू नये. त्या इच्छेला जपून त्यांच्याकडे लक्ष कसे ठेवायचे, हा खरा प्रश्न आहे.

पूर्वी हे लक्ष ठेवणारे डोळे गावभर पसरलेले होते. मी बँकेत होतो तेव्हा पहिल्या तारखेला ठराविक पेन्शनर ठराविक वेळेला काउंटरवर यायचे. एखादे काका तीन तारखेपर्यंत आले नाहीत की आमचा शिपाई घरी जाताना त्यांच्या दारावरून चक्कर टाकायचा. एखाद्या आजींची सही अचानक थरथरू लागली, की ते सर्वांत आधी पासिंग ऑफिसरच्या ध्यानात यायचे. दूधवाला, पेपरवाला, औषधाचा दुकानदार, कामाची बाई हे सगळे त्या जाळ्यातलेच. आज पैसे यंत्रातून निघतात, औषधे घरपोच येतात, दूध पिशवीतून दाराला अडकवले जाते आणि सेफ्टी डोअर बंद असते. सोयी वाढल्या, पण प्रत्येक सोयीबरोबर एकेक डोळा मिटत गेला.

ती जागा आता यंत्रे घेऊ पाहत आहेत. घरात कॅमेरा बसवायचा आणि अमेरिकेतून फोनवर बघायचे. माझ्या परिचयाच्या एका घरात मुलाने हॉलमध्ये असा कॅमेरा लावला. आठ दिवसांत आईने हॉलमध्ये बसणे सोडले. भाजी निवडणे, पोथी वाचणे, दुपारची वामकुक्षी हे सगळे आतल्या खोलीत गेले. मुलाला आता चोवीस तास रिकामा सोफा दिसतो. लक्ष ठेवणे आणि पाळत ठेवणे हे आपल्या भाषेत दोन वेगळे शब्द आहेत, ते उगाच नाहीत. पाळत चोरावर ठेवतात.

अर्थात यंत्र म्हटले की ते वाईटच, असेही नाही. जपानमध्ये झोजिरुशी या कंपनीने २००१ मध्ये चहाच्या पाण्याची एक किटली बाजारात आणली. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने ती वापरली की त्याची नोंद दूरच्या मुलांना संदेशाने कळते. किटली कोणाचा चेहरा दाखवत नाही, बोलणे ऐकत नाही. सकाळचा चहा झाला, एवढेच सांगते. मुलाला तरी याहून अधिक काय हवे असते?

आमच्याकडे हे काम साध्या फोनवर चालते. त्याचा नियम वडिलांनी घातला. 'दिवसातून एक फोन, आणि तो मी करणार.' सकाळी साडेसातला ते फोन करतात. निवृत्तिवेतनधारकाला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो; वडील या फोनला 'रोजचा हयातीचा दाखला' म्हणतात. आठपर्यंत फोन आला नाही तर मी करतो, तो उचलला नाही तर शेजारी जातात. त्यांच्याकडे घराची जादा किल्ली आहे, आणि बाथरूमला आतून कडी लावायची नाही हे घरात ठरलेले आहे. ही व्यवस्था टिकली याचे कारण मला असे वाटते, की तिची सूत्रे वडिलांच्या हातात आहेत. खबर घेतली जाते आहे असे त्यांना वाटत नाही, खबर दिली जाते आहे असे वाटते.

फोनवर काय विचारायचे, हेही महत्त्वाचे. 'कसे आहात?' या प्रश्नाला त्या पिढीचे एकच उत्तर असते, 'बरंय'. त्यातून काहीच कळत नाही. आज भाजी कोणती केली, कोण आले होते, रात्री किती वेळा उठलात, असे विचारले की खरी हकीकत हळूहळू बाहेर येते. चार दिवस लागोपाठ पिठलेच झाले असेल, तर आईचे गुडघे बाजारात जाऊ देत नाहीत, हे न सांगता समजते.

पैशाची बाजू अधिक नाजूक आहे. पोलिस असल्याची बतावणी करून म्हाताऱ्या माणसांना फोनसमोर तासन्‌तास बसवून ठेवायचे आणि आयुष्यभराची ठेव काढून घ्यायची, हा 'डिजिटल अरेस्ट' नावाचा प्रकार इतका बोकाळला की ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांना आकाशवाणीवरून त्याबद्दल सावध करावे लागले. अशी अटक कायद्यात नाही, हे आईवडिलांना एकदा सांगून भागत नाही. फोनजवळच्या भिंतीवर लिहून लावावे, त्याखाली १९३० हा तक्रारीचा क्रमांक लिहावा. मात्र या भीतीपोटी खात्याचा सगळा ताबा मुलांनी घेणेही बरे नाही. बँकेत रोज संध्याकाळी आम्ही प्रत्येक व्यवहाराची चौकशी करत नसू. नेहमीपेक्षा वेगळ्या व्यवहारांची यादी निघे, ती पाहत असू. घरातही तोच नियम असावा. वडिलांनी देवळाला पाचशे रुपये दिले, याचा जाब विचारू नये. अनोळखी खात्यावर पन्नास हजार जात असतील, तर जरूर विचारावे. मोठ्या रकमा मुदत ठेवीत ठेवाव्यात, रोजच्या खात्यात थोडेच पैसे असावेत. सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितले आहे, ती मागून घ्यावी.

आणि हे सगळे वेळेवर करावे. स्मृती साथ देईनाशी झाली की मार्ग फार अरुंद होतात. साठीपुढच्या शंभरातल्या सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश असावा असा देशातल्या अभ्यासकांचा अंदाज आहे. अनेक घरांत कुलमुखत्यारपत्र करून निर्धास्त राहतात. पण १८७२ च्या करार कायद्याच्या २०१ व्या कलमानुसार ते देणाऱ्याचे मन सुस्थितीत राहिले नाही की ती मुखत्यारी संपते. नेमकी गरज पडते तेव्हाच तो कागद निकामी होतो आणि कोर्टाची पायरी चढावी लागते. संयुक्त खाते, नामनिर्देशन, मृत्युपत्र ही कामे आईवडिलांचे हात सहीला स्थिर आहेत तोवर, त्यांच्या मर्जीने आणि सर्व भावंडांच्या देखत व्हावीत.

भावंडांचा उल्लेख आला म्हणून आणखी एक सांगतो. 'बघणाऱ्या' माणसाकडेही कोणीतरी बघितले पाहिजे. बहुतेक घरांत ही जबाबदारी जवळ राहणाऱ्या मुलीवर किंवा सुनेवर पडते. लांबची भावंडे फोनवरून सल्ले देतात, ती मात्र डबा घेऊन रिक्षाने जाते. तिला महिन्यातून आठ दिवसांची रजा कोण देणार, हे कुटुंबाने ठरवले पाहिजे. पैसे पाठवणे हा त्याचा पर्याय होत नाही.

सरकारने २००७ मध्ये आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा केला. निर्वाहभत्ता मिळवून देणे एवढ्यापुरते त्याचे नाव ऐकू येते. परंतु त्याखालच्या नियमांत एक फारच चांगली तरतूद आहे. प्रत्येक पोलिस ठाण्याने हद्दीतल्या, विशेषतः एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवावी आणि महिन्यातून किमान एकदा त्यांची भेट घ्यावी. ती यादी आपोआप पुरी होत नाही. आपल्या आईवडिलांचे नाव तिच्यात आहे का, हे ठाण्यात जाऊन विचारायला अर्धा तास पुरतो. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय मदत क्रमांकही २०२१ पासून आहे.

मी स्वतः पासष्टीच्या पुढे आहे. आज मी बघणारा आहे, उद्या बघून घेणारा होईन. माझी मुलगी सातासमुद्रापलीकडे असते. तिच्याजवळ मी आताच बोलून ठेवले आहे : कॅमेरा नको, शेजाऱ्यांशी ओळख ठेव, आणि सकाळचा फोन मीच करीन. त्यावर तिने विचारले, 'आणि बाबा, तुम्ही फोन करायला विसरायला लागलात तर?' मग आम्ही दोघांनी बसून त्याचेही उत्तर लिहून ठेवले.