माळेगावचा बाजार आणि ग्लँडर्सचा रोग

मार्गशीर्ष लागला की नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातील माळेगावच्या यात्रेची बोलणी सुरू होतात. खंडोबाला कोणी मानावे, कोणी मानू नये. आमचे लक्ष तेथील जनावरांच्या बाजाराकडे आहे. घोडे, गाढवे, उंट कोठकोठून येतात, शेजारीशेजारी बांधले जातात, एकाच हौदावर पाणी पितात. तेथे रोग आहे असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. पण ग्लँडर्स नावाचा रोग पसरतो तो अशाच हौदावरून.

हा जंतूचा रोग आहे. १८८२ साली जर्मनीत लोफ्लर आणि शुट्झ यांनी तो जंतू शोधून काढला. घोड्याच्या नाकातून चिकट, पिवळसर स्राव वाहतो, नाकात आतून गाठी येऊन फुटतात, पायावर ओळीने गाठी उठून जखमा होतात. गाढव आणि खेचर यांना तो जोरात होतो, थोड्याच दिवसांत जनावर जाते. घोडा मात्र महिनोन्‌महिने ओढत राहतो. वरून बरा दिसतो आणि हौदात, दावणीत रोग सोडत जातो. मालकाला वाटते, सर्दी आहे, उतरेल.

महाराष्ट्रात हे घडून गेले आहे. बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर २००६ साली हा रोग देशात पुन्हा दिसला तो आपल्याच राज्यात, आणि नंतर उत्तर प्रदेश, पंजाब, आंध्र असा पुढे गेला. यावर लस नाही. जनावराला औषध देत बसायचे नाही; हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात रक्ताची तपासणी पक्की झाली की त्याला वेदना न देता मारावे लागते आणि खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे लागते.

आता वाचक विचारतील, आमच्या घरात कुठे घोडा आहे? घोडा नसेल. पण गोदाकाठी गाढवांवरून वाळू वाहणारा, वीटभट्टीवर राबणारा, लातूर-उदगीरकडे लग्नसराईत वरातीचा घोडा धरून चालणारा माणूस आपल्याच वस्तीत राहतो, आणि रात्री त्याची पोरे जनावराच्या शेजारी झोपतात. माणसाला हा रोग जखमेतून, नाका-डोळ्यांतून लागतो. ताप, छातीत दुखणे, अंगावर गळवे. उपचार झाला नाही तर माणूस सहसा वाचत नाही. वेळेवर कळले तर औषधे आहेत, पण ती महिनोन्‌महिने घ्यावी लागतात. माणसापासून माणसाला तो क्वचितच होतो. २००० साली अमेरिकेत लष्करी प्रयोगशाळेतील एका संशोधकाला तो झाला. हातमोजे न घालता काम केल्याचा हा परिणाम. गाय-बैलांना तो होत नाही, मात्र रोगी मांस खाल्लेल्या वाघ-सिंहांना होतो. तेहरानच्या प्राणिसंग्रहालयात २०११ च्या सुमारास सिंह याच रोगाने सापडले.

मेलेल्या जनावराविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. ते ओढणे, सोलणे हे काम आपल्या बापजाद्यांच्या माथी मारलेले होते. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत मृत मांस सोडा म्हणून बजावले, गावोगाव लोकांनी ती कामे टाकली आणि त्यासाठी बहिष्कारही सोसला. आज कोणी शंभर-दोनशे रुपये पुढे करून ‘तेवढे गाढव ओढून टाक’ म्हणाला, तर स्पष्ट नाही म्हणावे. तो मानाचा प्रश्न आहेच, शिवाय जिवाचाही आहे. ते काम ग्रामपंचायतीचे आणि नगरपालिकेचे. यंत्राने, हातमोजे-मास्क घालून करायचे. सफाई कामगार बांधवांनी तर ही साधने मागूनच घ्यावीत.

पण खरी अडचण पैशाची आहे. सरकारी योजनेत घोड्यामागे २५,००० आणि गाढव-खेचरामागे १६,००० रुपये भरपाई धरलेली आहे. लाखाचा घोडा असलेला मालक एवढ्यासाठी तोंड उघडेल का? तो गुपचूप पुढच्या बाजारात विकून मोकळा होतो, आणि घेणारा असतो एखादा गरीब. २००९ च्या कायद्याने रोगी जनावर जाणूनबुजून बाजारात आणण्यास मनाई आहे, गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवणे मालकावर बंधनकारक आहे. १८९९ चा इंग्रजांचा जुना कायदा रद्द करून हा आला. कायदा ठीक आहे. मात्र भरपाई वेळेत आणि पुरेशी मिळाल्याशिवाय लोक पुढे येणार नाहीत, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्याचा संसार दोन गाढवांवर चालतो त्याला उपदेश पुरत नाही.

आम्ही कारकून माणसे, म्हणून कागदाचे सांगतो. जनावराच्या नाकातून असा स्राव दिसला तर ते वेगळे बांधा, त्याची बादली वेगळी ठेवा आणि १९६२ या क्रमांकावर किंवा जनावरांच्या दवाखान्यात कळवा. नमुना घेतल्याची नोंद लिहून मागा. जनावर मारण्यापूर्वी पंचनाम्याची प्रत, बँकेचे पासबुक आणि मालकीचा पुरावा जवळ असू द्या; बाजारात घेतलेल्या जनावराची पावती तेव्हाच उपयोगी पडते. आणि घरात कोणाला ताप येऊन गळवे उठली तर डॉक्टरांना आधी सांगा की आम्ही घोड्या-गाढवांत काम करतो. ते विचारतीलच असे नाही.