लाइट चालू राहिला म्हणून ड्रायव्हरला शिव्या घालू नका

जुनी जीप उभी करून ड्रायव्हर चहाला गेला, लाइट चालू राहिला, बॅटरी बसली, की आपल्याकडे एकच वाक्य ठरलेलं असतं : ‘लक्ष कुठं होतं तुझं?’ मालक बोलतो, साहेब बोलतात, मागच्या सीटवरची सवारीही बोलते. मला या वाक्याचा मनस्वी राग आहे. दोष ड्रायव्हरच्या डोक्यात नसतो. तो गाडीत असतो आणि वर्षानुवर्षं ती तशीच चालवून घेणाऱ्या मालकात असतो.

लाइट विसरला जातो कधी? रात्री क्वचितच, कारण समोरची भिंत उजळलेली दिसते. विसरला जातो दिवसा. आणि चंद्रपूर-गडचिरोलीत दिवसाही लाइट लावावा लागतो. सुरजागडचं लोहखनिज घेऊन ट्रकांची रांग निघाली की आलापल्ली-एटापल्लीच्या रस्त्यावर धुळीत पुढची मोटरसायकल दिसत नाही. घुग्घुस-बल्लारपूरकडे तीच गत कोळशाच्या भुकटीने होते. थंडीत पहाटे धुकं, पावसाळ्यात भामरागडच्या वाटेवर भर दुपारी झाकोळ. मोटार वाहन नियमही सांगतो की 155 मीटरवरचं माणूस-वाहन स्पष्ट दिसत नसेल तर लाइट लावलाच पाहिजे, मग दिवस असो की रात्र. आता हा नियम पाळणारा माणूस तासाभराने लख्ख उन्हात गाडी उभी करतो. त्या उन्हात जुना पिवळा बल्ब पेटलाय की विझलाय, हे बोनेटसमोर उभं राहूनही कळत नाही. धुळीत बिनलाइटची गाडी दामटणाऱ्याची बॅटरी अशी कधी बसत नाही. बसते ती नियमाने वागणाऱ्याची, आणि शिव्याही त्यालाच.

हिवाळ्यात पहाटे ताडोबाच्या मोहर्ली गेटवर धुक्यातून येऊन गाडी लावणारे आणि सफारीहून परतल्यावर नुसती किल्ली फिरवत बसणारे पाहुणे मी पाहिले आहेत. त्यांना निदान आजूबाजूला दहा गाड्या असतात, कुणीतरी केबल लावून गाडी चालू करून देतं. आतल्या गावांत हे नाही.

हिशेब साधा आहे. 55 वॅटचे दोन डिपर, त्यात टेललाइट, नंबरप्लेटचा आणि मीटरचा दिवा धरला की 12 व्होल्टच्या बॅटरीतून दहा-अकरा अँपिअर सतत जातात. नवी, भरलेली बॅटरी सहा-सात तास तग धरील. पण आपल्या जीपगाड्यांत बॅटरी तीन उन्हाळे काढलेली असते आणि डिझेल इंजिन फिरवायला स्टार्टरला शे-दोनशे अँपिअर लागतात. तिथे दोन-तीन तासही पुरे होतात. शिवाय शिशाची बॅटरी पार रिकामी झाली की प्लेटांवर सल्फेट धरतं. ती पुन्हा चार्ज होते, पण पहिल्यासारखी राहत नाही. चार-सहा वेळा असं झालं की पाच-सात हजारांची नवी बॅटरी.

पैशाचं सोडा. एटापल्लीच्या बाजाराच्या दिवशी एका काळी-पिवळीला सवाऱ्या धक्का मारताना मी पाहिल्या. किल्ली फिरवली की स्टार्टर नुसता टक्-टक् करायचा. ड्रायव्हर घामाघूम होऊन म्हणत होता, ‘ढकला ना जी, आणखी थोडं.’ एक बाई तापाने फणफणलेलं लेकरू खांद्यावर घेऊन बाजूला उभी होती. ती कुणाला दोष देत नव्हती, एवढंच विचारत होती, ‘दुसरी गाडी कवा येते जी?’ तिला गडचिरोलीच्या दवाखान्यात जायचं होतं, म्हणजे शंभर किलोमीटरच्या पुढे. हा जिल्हा 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपुरातून वेगळा झाला, त्याचा तीन चतुर्थांश भाग जंगल आहे, कित्येक गावांत आजही मोबाइलला रेंज नाही. इथे बंद पडलेली गाडी म्हणजे हुकलेला दवाखाना. आणि सिंदेवाही-मूल-ब्रह्मपुरी पट्ट्यात, जिथे वाघाच्या हल्ल्यात दर वर्षी माणसं जातात, तिथे तिन्हीसांजेला सवाऱ्यांना धक्का मारायला रस्त्यावर उतरवणं हा जिवाशी खेळ आहे.

सरकारने 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींत सीटबेल्टसाठी आणि वेगासाठी इशाऱ्याचा आवाज सक्तीचा केला. त्या यादीत चालू राहिलेल्या लाइटचा इशारा नव्हता. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा लाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो आणि विझतो. म्हणजे माणूस विसरणार, हे धरूनच नवी वाहनं बनतात. पंधरा वर्षं झालेल्या जीपला मात्र दर वर्षी फिटनेस मिळतो, आणि ती गाडी गप्पच राहते.

उपाय आलापल्लीतला कुठलाही ऑटो इलेक्ट्रिशियन चहा थंड होण्याआधी करून देईल. एक छोटा बझर घ्यायचा. त्याची एक तार पार्किंग लाइटच्या फ्यूजला, दुसरी किल्लीने चालू होणाऱ्या मीटरच्या तारेला, मध्ये उलटा करंट अडवायला एक डायोड. किल्ली चालू असताना दोन्हीकडे सारखेच 12 व्होल्ट, म्हणून बझर गप्प. लाइट ठेवून किल्ली काढली की तो कोकलतो. खर्च दोन-तीन लिटर डिझेलचा. ‘गाडी रस्त्यात बिघडली तर पार्किंग चालू ठेवावी लागते, मग हा बोंबलत राहील,’ असं एक मालक मला म्हणाले. राहू द्या की! नाहीतर दाराच्या स्विचमधून तार घ्या, दार लावलं की थांबेल. ‘लाइट बंद करा’ची चिठ्ठी डॅशबोर्डवर चिकटवणं हा उपाय नव्हे. आठ दिवसांनी ती डोळ्यांना दिसेनाशी होते.

काळी-पिवळीच्या मालकांनो, आश्रमशाळांच्या संस्थाचालकांनो, जुन्या जीपगाड्या भाड्याने घेणाऱ्या कार्यालयांनो, पुढच्या सर्व्हिसिंगला हा बझर बसवून घ्या. तो बसेपर्यंत ड्रायव्हरच्या पगारातून बॅटरीचे पैसे कापायचा तुम्हाला काडीचाही अधिकार नाही.