डिरेक्टरी वाचणाऱ्या कॉलची चाचणी
लिनक्समधला ‘गेटडेंट्स६४’ हा सिस्टिम कॉल डिरेक्टरीतल्या नोंदी बफरमध्ये भरतो, किती बाइट भरले ते सांगतो आणि नोंदी संपल्या की ० परत करतो. त्याचा चाचणी-कोड तपासताना पहिली शंका क्रमाविषयी घ्यावी: नावे अकारविल्हे येतील अशी हमी कर्नल देत नाही, तरी तसे गृहीत धरणारा कोड सर्रास सापडतो. नोंदींची लांबीही सारखी नसते. ‘वाशीम’ या फाइलनावाचे यूटीएफ-८मध्ये १५ बाइट होतात. नावाआधीची १९ बाइटांची माहिती, शेवटचा शून्य बाइट आणि आठच्या पटीसाठीची भर धरून नोंद ४० बाइटांची होते. केवळ इंग्रजी नावांवर घेतलेली चाचणी म्हणून अपुरीच. बफर पहिल्या नोंदीलाही पुरला नाही, तर ‘ईइनव्हॅल’ ही त्रुटी यायलाच हवी.