बंदुकीची नोंद आहे, काडतुसांचे काय?

आमच्या आजोळी, दक्षिण कोकणात, माजघराच्या भिंतीवर एक एकनळी बंदूक टांगलेली असे. बारा बोअरची. मामांना ती शेतीसंरक्षणासाठी मिळालेली होती आणि दसऱ्याला तिच्यावर आपट्याची पाने पडत. काडतुसे मात्र तिच्याजवळ नसत. ती बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलेली असत. मुलांचा हात तेथवर पोहोचत नाही, एवढीच काय ती सुरक्षाव्यवस्था. एका दिवाळीच्या सुटीत माझ्याहून दोन वर्षांनी मोठा असलेला मामेभाऊ शिडी लावून वर चढला, त्याने एक काडतूस उचलले आणि परसातल्या दगडावर ठेवून त्याच्या बुडावर खिळा धरून हातोडी मारली. नळीबाहेर फुटलेले काडतूस गोळीसारखे लांब जात नाही. पण त्याचे पितळी बूड फाटते आणि तुकडे चोहीकडे उडतात. त्यातला एक त्याच्या अंगठ्यात रुतला. डोळा थोडक्यात वाचला. मामांनी दुसऱ्याच दिवशी डबा पेटाऱ्यात घालून कुलूप लावले. हे सारे घडले पंचेचाळीस वर्षांपूर्वी.

आज तोच भाऊ त्या घरचा परवानाधारक आहे. गेल्या पावसाळ्यानंतर गावी गेलो असताना त्याच्या परवान्याची कागदपत्रे सहज चाळली. अर्जासोबत शस्त्र सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी त्याने दिली होती. ती हमी पाळली जाते की नाही हे पाहायला कोणी घरी आले होते का, असे विचारले. तो नुसता हसला.

वस्तुतः आपला शस्त्र कायदा सैल आहे, असे कोणी म्हणणार नाही. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याच्या बेडीत अडकवले आणि युरोपीयांना सूट दिली, तेव्हापासून या देशात शस्त्राकडे पाहण्याची सरकारी नजर संशयाची राहिली आहे. त्या अपमानाची खूणगाठ राष्ट्रीय चळवळीने बांधून ठेवली होती; १९३१ च्या कराची ठरावात, नियमांच्या अधीन राहून का होईना, शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क नमूद झाला तो त्यामुळेच. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. बंदूक आणि दारूगोळा या दोहोंसाठी परवाना हवा, हे त्याचे मूळ सूत्र. २०१६ मध्ये नवे नियम झाले, त्यांनी अर्जदाराला शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण आणि सुरक्षित साठवणुकीची हमी या दोन गोष्टी जोडल्या. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली आणि लग्नाच्या वरातीत निष्काळजीपणे बार काढणाऱ्यांसाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. किती काडतुसे बाळगायची हे परवान्यावरच लिहिलेले असते. विकणारा दुकानदार प्रत्येक खरेदी त्यावर नोंदवतो.

म्हणजे काडतूस घरात येईपर्यंत कायद्याचे डोळे सताड उघडे आहेत. ते उंबऱ्याच्या आत आले की मात्र मिटतात. परवान्याच्या अटी मोडल्यास कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकतात हे खरे. पण अट मोडली हे कळणार केव्हा? चोरी झाल्यावर, पोराच्या हातून काही घडल्यावर, किंवा घरातल्या एखाद्या खचलेल्या माणसाने रात्री कपाट उघडल्यावर. त्या वेळी दोन हजारांचा दंड वसूल करून कोणाचे काय भले होणार?

हिशेब न ठेवण्याचा एक वेगळाच परिणाम विमानतळांवर दिसतो. प्रवाशाच्या बॅगेच्या कोपऱ्यातून एखादे जिवंत काडतूस निघते. बॅग वडिलांची किंवा चुलत्याची असते. काडतूस कधीकाळी तीत राहून गेलेले असते. प्रवाशाला अटक होते, गुन्हा दाखल होतो, आणि मग माणूस उच्च न्यायालयात जातो. जाणीवपूर्वक ताबा नव्हता, असे दिसले की न्यायालय गुन्हा रद्द करते. दिल्ली उच्च न्यायालयात अशी प्रकरणे वारंवार येतात. न्याय होतो, पण वकिलाची फी आणि गेलेली झोप परत मिळत नाही. ज्या घरातून ते काडतूस बॅगेत गेले, त्या घरात कोणीतरी वर्षातून एकदा जरी काडतुसे मोजली असती, तर हे झाले नसते.

आता आक्षेप काय घेतला जातो, तोही प्रामाणिकपणे पाहिला पाहिजे. आपल्याच परिवारातील अनेकजण म्हणतील की, कुलूपबंद शस्त्र म्हणजे नसल्यासारखेच. रानडुक्कर भाताच्या खाचरात घुसले की ते किल्ली सापडेपर्यंत थांबत नाही. दरोडेखोरही थांबत नाही. हा आक्षेप पोकळ नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये राजधानी वॉशिंग्टनचा असाच एक नियम रद्द केला. घरातील बंदूक सुटी करून किंवा चापाला कुलूप लावूनच ठेवावी, असे तो नियम सांगत होता. मग आत्मसंरक्षण करायचे कसे, असे न्यायालयाने म्हटले. पण त्याच अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याचा नियम टिकून आहे, कारण त्याची रचना शहाणपणाची आहे. शस्त्र मालकाच्या प्रत्यक्ष ताब्यात असेल तेव्हा कुलपाची सक्ती नाही. ते त्याच्या ताब्यात नसेल तेव्हा मात्र ते कुलूपबंद पेटीत किंवा कुलूप लावलेलेच असले पाहिजे. बॉस्टनच्या परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी ज्यांनी शस्त्र घेतले असेल, त्यांनाही हा नियम लागू आहे. रात्री माचाणावर बसलेल्या शेतकऱ्याची बंदूक त्याच्या हातात असते, काडतुसे त्याच्या खिशात. तेथे कुलपाचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो दुपारी, तो बाजाराला गेलेला असतो आणि घरात म्हातारी व नातवंडे असतात तेव्हाचा.

जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या विनेनडेन गावात ११ मार्च २००९ रोजी सतरा वर्षांच्या एका मुलाने आपल्या जुन्या शाळेत शिरून गोळीबार केला. तो आणि त्यानंतरचा पाठलाग मिळून पंधरा माणसे मारली गेली आणि शेवटी त्याने स्वतःलाही संपवले. वडील नेमबाजी मंडळाचे सभासद होते. त्यांची बाकी सारी शस्त्रे नियमाप्रमाणे तिजोरीत होती. फक्त एक पिस्तूल शयनगृहात, कपड्यांच्या कपाटात होते. तेवढे एकच पुरले. पुढे त्या वडिलांवर निष्काळजीपणाने मनुष्यवधाचा खटला चालला, त्यांना दोषी ठरवून स्थगित कैदेची शिक्षा झाली. फेरसुनावणीतही दोषसिद्धी कायम राहिली. मुलगा गेला आणि बाप आरोपी. हा मजकूर लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे सारखा तो कपाटाचा दरवाजा येतो. त्याच वर्षी जर्मनीने कायदा बदलला आणि साठवणूक नीट आहे की नाही हे पाहण्यासाठी पूर्वसूचनेशिवाय घरी येऊन तपासणी करण्याचा अधिकार प्रशासनाला दिला. २०१७ पासून नव्याने घ्यायच्या तिजोऱ्यांसाठी ठराविक प्रतीची अटही घातली.

ती तिजोरी कोकणातल्या शेतकऱ्याला परवडणार नाही, आणि तिची गरजही नाही. गावच्या लोहाराने जाड पत्र्याची पेटी करावी, ती भिंतीत चिणून बोल्टने पक्की करावी. बंदुकीला एक, काडतुसांना दुसरी. किल्ली एकाच माणसाच्या करगोट्याला. काडतुसे चुलीपासून आणि ओलीपासून दूर राहतील, हेही त्यातच साधते. कोकणच्या पावसात दमट झालेले काडतूस ऐन वेळी दगा देते, हे तेथल्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

आणि पोलिसांना तपासणी जमणार नाही, असे कोणी म्हणू नये. निवडणूक आली की यंत्रणा काय करू शकते हे आपण पाहतोच. २००९ मध्ये १३ ऑक्टोबरला, २०१४ मध्ये १५ ऑक्टोबरला, २०१९ मध्ये २१ ऑक्टोबरला विधानसभेचे मतदान झाले. म्हणजे भात कापणीला येते आणि डुकरांचा उपद्रव वाढतो, नेमक्या त्याच दिवसांत आचारसंहिता. छाननी समितीने प्रत्येक प्रकरण तपासून मगच शस्त्र जमा करायला सांगावे, सरसकट नको, अशी व्यवस्था आहे. पण गावपातळीवर निरोप येतो तो बहुधा सगळ्यांना. शेतकरी बंदूक खांद्यावर टाकून ठाण्यात जातो, तेथे ती मोजून घेतली जाते, पावती मिळते. जी यंत्रणा आठवडाभरात शेकडो बंदुका आपल्याकडे आणू शकते, तिला पाच वर्षांत एकदा एका घरी जाणे कठीण असू नये.

एक बाब मात्र घराघरांत सांगितली गेली पाहिजे. परवानाधारक वारला की त्याचा परवाना वारसांना आपोआप लागू होत नाही. कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शस्त्र आणि दारूगोळा विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावा लागतो. आपल्याकडे तेराव्यापर्यंत कोणाला हे सुचत नाही, आणि नंतर भीती वाटते. मग ट्रंकेच्या तळाशी ती काडतुसे वर्षानुवर्षे पडून राहतात. ताबा म्हणजे केवळ हातात असणे नव्हे, वस्तूवर नियंत्रण असणे हाही ताबाच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच स्पष्ट केले आहे. ट्रंकेची किल्ली जिच्या कमरेला, ती विधवा कायद्याच्या कचाट्यात सापडू शकते, आणि तिला त्याची कल्पनाही नसते. शाखेतल्या, मंडळातल्या कार्यकर्त्याने अशा घरी जाऊन त्या माउलीबरोबर ठाण्यात जावे. पावती घेतल्याशिवाय परत येऊ नये.

भावाच्या परवान्याचे नूतनीकरण आता जवळ आले आहे. पेटी करून घे, असे त्याला सांगून आलो. त्याने अंगठा पुढे केला. व्रण अजून आहे.