पाहायचा खेळ, खेळायचा खेळ

दिल्लीच्या कोपर्निकस मार्गावर जुने महाराष्ट्र सदन आहे, तसे दूरदर्शन भवनही. घराघरांतला पाहायचा खेळ बदलला तो दूरदर्शनच्या पडद्यावरच. १ डिसेंबर १९८२. एशियाडची हॉकी फायनल, तीही जवळच्याच नॅशनल स्टेडियमवर. पाकिस्तानने भारताला ७-१ असे लोळवले. रंगीत टीव्ही नवा कोरा, आणि त्यावर हे पाहावे लागले! सात महिन्यांच्या आतच कपिलच्या संघाने लॉर्ड्सवर विश्वचषक उचलला. मग गल्लीतल्या पोरांनी बॅट मागितली, यात नवल ते काय?

कबड्डी त्या एशियाडमध्ये नुसती प्रदर्शनापुरती होती. पदकाचा मान मिळाला १९९० मध्ये, बीजिंगला. पडद्यावर तिला थाट आला तो २०१४ च्या प्रो कबड्डीने. परळ-लालबागच्या मंडळांनी मात्र ती आधीपासूनच मातीत खेळून जपली होती.